बिबट्याने शेळी मारली तर: पहिल्या ४८ तासांत काय करायचं, काय अजिबात नाही

गोठ्यात बिबट्या शिरला किंवा लांडग्याने कळपातलं कोकरू उचललं, की गावात दोन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी म्हणतं, "विष घालून ठेव, उद्या परत येईल." आणि कुणीतरी मेलेली शेळी ओढ्याकाठी नेऊन पुरून टाकतं. पहिल्या गोष्टीने माणूस तुरुंगात जाऊ शकतो आणि दुसरीने हक्काची भरपाई बुडते. वनखात्याची भरपाई मिळत नाही अशी तक्रार ऐकली की मी आधी एवढंच विचारतो: शेळी मेली त्या जागेवरच राहू दिली होती का? बहुतेक दाव्यांचा निकाल तिथेच लागलेला असतो.

हा लेख महाराष्ट्रातल्या शेतकरी, शेळीपालक आणि मेंढपाळांसाठी आहे. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. शवविच्छेदन आधी आणि पंचनामा नंतर, असा उलटा क्रम झाला की कागदावर प्रश्नचिन्ह पडतं.

## टप्पा १ : कायदा काय म्हणतो ते आधी डोक्यात पक्कं करा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. वाघ, बिबट्या आणि लांडगा हे पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे सर्वात कडक संरक्षण. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

"शिकार" म्हणजे बंदुकीने मारणं एवढंच समजू नका. विष घालणं, फास लावणं, पकडणं, सापळा रचणं हे सगळं शिकारीतच येतं, आणि नुसता प्रयत्न केला तरी तो गुन्हाच. म्हणून स्वतःच पिंजरा करून बिबट्या धरायची कल्पनाही सोडून द्या. क्लच वायरचा फास रानडुकरासाठी लावला होता, त्यात बिबट्या अडकला, ही सबब चालत नाही. परवानगीशिवाय फास लावणं हाच मुळात गुन्हा आहे.

लोकांचा सर्वात मोठा गैरसमज कलम ११ बद्दल आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना, प्रामाणिक हेतूने वन्यप्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, असं हे कलम सांगतं. पण त्यात फक्त माणसाचा जीव आहे. शेळी, गाय, कुत्रा वाचवायला बिबट्या मारला तर या कलमाचा आधार मिळत नाही. शिवाय माणूस त्या वेळी स्वतःच कायदा मोडत असेल, उदाहरणार्थ फास लावताना बिबट्या अंगावर आला, तर ही सूटही जाते. मारला गेलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. नख, दात, कातडं यातलं काहीही घरी ठेवायचं नाही.

बिबट्याला पकडायची किंवा अगदी शेवटचा उपाय म्हणून मारायची परवानगी देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे, तोही लेखी कारणासह. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत अट अशी की तो माणसाच्या जिवाला धोकादायक झालेला असला पाहिजे, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी. गुरं मारली एवढ्या कारणावर ठार मारण्याची परवानगी मिळत नाही. सरपंच, पोलीस पाटील, आमदार यांच्यापैकी कुणाच्याही तोंडी शब्दावर काही करू नका.

खबरदारी : मेलेल्या शेळीवर थिमेट किंवा दुसरं कुठलं कीटकनाशक टाकणं ही सर्वात महाग पडणारी चूक. त्याच मांसावर कुत्रे, गिधाडं, मुंगूस आणि शेजाऱ्याचं जनावरही मरतं. शिवाय भरपाईच्या अटीतच हे धरलेलं आहे: घटनेनंतर सहा दिवसांत दहा किलोमीटरच्या परिसरात वन्यप्राणी मेलेला आढळला तर दावा अडचणीत येतो. म्हणजे विष दुसऱ्याने घातलं तरी झळ तुम्हाला. ही गोष्ट वाडीतल्या प्रत्येकाच्या कानावर घालून ठेवा.

## टप्पा २ : हल्ल्याआधीची तयारी

ही तयारी कुणी करत नाही, आणि मग पंचनाम्याच्या वेळी "शेळी तुमचीच होती कशावरून?" या प्रश्नाला उत्तर नसतं.

- प्रत्येक जनावराचा मोबाईलवर फोटो काढा. एक बाजूने, एक तोंडाचा, कानातला बिल्ला वाचता येईल असा. फोटोत तुमचा गोठा दिसला तर उत्तम.
- पशुवैद्यकीय दवाखान्यातून कानात बारा आकडी बिल्ला मारून घ्या आणि त्याची नोंद तुमच्या नावावर झालीय का ते विचारा. जनावर बापाच्या नावावर आणि अर्ज मुलाचा, अशात महिने जातात.
- बाजारातून घेतलेल्या जनावराची बाजार समितीची पावती जपून ठेवा. किंमत ठरवताना तिचा उपयोग होतो.
- विमा असेल तर बिल्ला हाच तुमचा जीव की प्राण. बिल्ला नाही तर दावा नाही.
- आपल्या बीटच्या वनरक्षकाचा, वनपालाचा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचा नंबर मोबाईलमध्ये ठेवा. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२, पोलिसांचा ११२.

गोठ्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. पाच-सहा फुटांची भिंत बिबट्या तोंडात शेळी धरूनही ओलांडतो. भिंत उंच करण्यात पैसे घालण्यापेक्षा वरून जाळी टाका. पत्रा आणि भिंत यांच्यामधली हात-दीड हाताची फट, दाराखालची मोकळी जागा, कडी नसलेली खिडकी, यातून तो आत येतो. एकदा बंद गोठ्यात शिरला आणि शेळ्या आत सैरावैरा धावायला लागल्या की एकावर थांबत नाही, एका रात्रीत अख्खा कळप मारतो. म्हणून अर्धवट बंद गोठा हा उघड्या वाड्यापेक्षा वाईट. संध्याकाळी दिवा लावून गोठ्यात आत उभे राहा आणि बाहेरून कुणाला बॅटरी मारायला सांगा. जिथून उजेड आत येतो ती प्रत्येक जागा जाळीने बंद करा.

पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकणं थांबवा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या ऊसपट्ट्यात बिबट्याला लपायला ऊस आहेच, खायला मोकाट कुत्रे आहेत, त्यात हे आयतं ताट.

झटका मशीन आणि थेट वीज यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऊर्जायंत्रातून ठरावीक अंतराने बारीक झटका देणारं सौर कुंपण चालतं. काही गावांत त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदानही मिळतं. खांबावर आकडा टाकून तारेत सोडलेली वीज मात्र माणसाचाही जीव घेते. त्यात वन्यप्राणी मेला तर शिकारीचा गुन्हा, वीजचोरीचा वेगळा, आणि माणूस मेला तर आणखी मोठा.

## टप्पा ३ : हल्ला झाल्यावर पहिला तास

१. आधी माणसं. बिबट्या गोठ्यात अडकलेला असण्याची शक्यता असेल तर दार उघडू नका. सगळ्यांना मागे घ्या आणि १९२६ ला फोन करा. गर्दी, दगड आणि मोबाईलचे दिवे यामुळे बिथरलेला बिबट्या माणसावर येतो. तो कोंडलेला नसेल आणि त्याची वाट मोकळी ठेवली तर बहुतेक वेळा निघून जातो.

२. जिवंत जनावरं हलवा, मेलेलं नाही. मेलेली शेळी जिथे पडली तिथेच. उसात ओढत नेली असेल तर उसातच. कुत्री-कावळे लागू नयेत म्हणून वरून बाभळीच्या फांद्या टाका.

३. पायांचे ठसे वाचवा. ओल्या मातीत पंजा उमटला असेल तर त्यावर घमेलं पालथं घाला. फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे मापाचा अंदाज येतो. बिबट्याच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या आणि लांडग्याच्या ठशात नखांची टोकं दिसतात.

४. फोटो आणि एक छोटा व्हिडिओ घ्या. आधी लांबून, म्हणजे गोठा, रस्ता, झाड दिसेल असा. मग जवळून, गळा, पोट, ओढल्याची खूण. मोबाईलमधलं लोकेशन सुरू ठेवा.

जखमी जनावर असेल तर थांबू नका, १९६२ ला फोन करून उपचार सुरू करा. फक्त जखमांचे फोटो आधी घ्या. जखम धुताना हातमोजे घाला. लांडगा, कोल्हा किंवा कुत्रा यांच्या चाव्यातून रेबीजचा धोका असतो. लाळ तुमच्या हातावरच्या चिरेला लागली तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा.

ही चूक फार होते : बोकड अर्धमेला दिसला की "वाया कशाला घालवायचा" म्हणून कापतात आणि वाटे घालतात. मग पंचनाम्याला फक्त मुंडकं आणि कातडं उरतं. गळ्यावर सुरीचा काप आणि त्याखाली दातांच्या खुणा असं शव पाहिलं की डॉक्टर मृत्यूचं कारण "वन्यप्राणी" असं लिहायला तयार होत नाहीत, आणि त्यांचं चुकतही नाही.

## टप्पा ४ : कळवणं, ४८ तासांच्या आत

घटनेपासून ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवायचं असतं. मुदत ४८ तासांची असली तरी प्रत्यक्षात त्याच सकाळी कळवा, कारण उन्हात शव एका दिवसात फुगतं आणि मग डॉक्टरला काही समजत नाही.

नुसता फोन पुरेसा नाही. फोन केल्यावर वनरक्षकाला व्हॉट्सअॅपवर फोटो, लोकेशन आणि चार ओळी पाठवा: नाव, गाव, गट क्रमांक, कुठलं जनावर, किती, किती वाजता लक्षात आलं. वाद झाला तर वेळेचा शिक्का तिथेच सापडतो. शिवाय साध्या कागदावर अर्ज लिहून वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. "उद्या बघू" असं कुणी म्हणालं तरी पोच सोडू नका.

मेंढपाळांसाठी : दावा घटना घडली त्या हद्दीत करायचा, स्वतःच्या गावात नाही. तुमचं गाव फलटण तालुक्यात आणि मेंढ्या बसवल्या शिरूरच्या शेतात, तर कळवायचं शिरूरच्या वनपरिक्षेत्रात. रात्री कोकरू गेलं आणि सकाळी वाडा हलवला, तर प्रकरण तिथेच संपतं. ज्याच्या शेतात मेंढ्या बसवल्या होत्या त्या शेतकऱ्याला पंच म्हणून थांबवून घ्या. लांडगा कोकरू उचलून नेतो, बऱ्याचदा मागे काही उरतच नाही. तेव्हा त्याच सकाळी रक्ताच्या आणि लोकरीच्या मागावर जाऊन उरलेलं शोधा, कारण शवाशिवाय दावा सिद्ध करणं फार अवघड जातं.

तपासा : शव जागेवर आहे का? फोटो आहेत का? ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव आणि वेळ लिहिलीय का?

## टप्पा ५ : पंचनामा आणि शवविच्छेदन

वन कर्मचारी आले की तुम्ही स्वतः हजर राहा, भावाला पाठवू नका. पंचनामा म्हणजे तुमच्या दाव्याचा पाया. सही करण्याआधी पूर्ण वाचा किंवा वाचून घ्या, आणि हे बघा:

- तारीख आणि वेळ बरोबर आहे का. रात्री बाराच्या पुढची घटना असेल तर तारीख बदलते.
- जागा: गट क्रमांक, वस्तीचं नाव. खोटी जागा सांगू नका. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला कायद्याने बंदी आहे, आणि तिथे मेलेली शेळी शेतात मेली असं लिहून घेतलं तर ओढल्याच्या खुणा तुमच्या विरोधात बोलतात.
- जनावराचं वर्णन: जात, रंग, नर-मादी, दातावरून वय, बिल्ल्याचा नंबर. शेळी गाभण असेल तर तसा उल्लेख नक्की करून घ्या, किमतीत फरक पडतो.
- दोन पंचांची नावं आणि सह्या.

यानंतर पशुधन विकास अधिकारी शवविच्छेदन करून मृत्यूचं कारण आणि बाजारभाव लिहून देतात. इथे खरी लढाई असते ती बिबट्या की कुत्रा ही. मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या शेळीला ही भरपाई नाही. बिबट्या बहुतेक वेळा गळा धरतो. बाहेरून दोन-चार छिद्रं दिसतात, पण गळ्याचं कातडं सोललं की आत रक्त साकळलेलं असतं. जिवंतपणी चावा घेतल्याची ती खूण. मेल्यानंतर कुणी चावलं तर तसं साकळत नाही. कुत्र्यांचा हल्ला गोंधळाचा असतो: मागच्या पायांवर, कानांवर, शेपटीवर चावे, चार शेळ्या जखमी, खाल्लेलं फारसं काही नाही. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "साहेब, गळ्याचं कातडं सोलून बघता का?" घाईत बाहेरून पाहून अहवाल लिहिला गेला तर नंतर दुरुस्ती करून घेणं फार जड जातं.

विल्हेवाट पंचनामा आणि शवविच्छेदन दोन्ही झाल्यावर, वन कर्मचाऱ्यांना विचारूनच. खोल खड्डा, वर चुना, वर काटे. त्या रात्री बिबट्या शिकारीकडे परत येण्याची शक्यता मोठी असते. म्हणून संध्याकाळनंतर त्या बाजूला कुणी फिरकू नये, मुलांनी तर नाहीच, आणि "बघू तरी येतो का" म्हणून माळ्यावर बसणंही नको.

## टप्पा ६ : किती रक्कम, आणि गणित कसं

ऑगस्ट २०२२ मध्ये वाढवलेल्या दरांप्रमाणे:

- गाय, बैल, म्हैस मृत: बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातलं कमी ते.
- शेळी, मेंढी मृत: बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यातलं कमी ते.
- गाय, बैल, म्हैस कायमचं अपंग: बाजारभावाच्या ५० टक्के किंवा १५ हजार, यातलं कमी ते.
- जखमी: उपचाराचा खर्च, कमाल बाजारभावाच्या २५ टक्के किंवा ५ हजार, यातलं कमी ते.

"यातलं कमी ते" हे तीन शब्द लोक वाचत नाहीत. शेळीचा भाव १२ हजार धरला तर ७५ टक्के म्हणजे ९ हजार मिळतील, १५ नाही. उस्मानाबादी गाभण शेळी २२ हजारांची असेल तर ७५ टक्के होतात साडेसोळा हजार, पण मिळतील १५. म्हणजे २० हजारांच्या वर शेळीची किंमत फुगवून काही हाती लागत नाही, उलट अहवालच संशयास्पद होतो. खरा भाव लिहून घ्या आणि त्याला पावतीचा आधार द्या.

## टप्पा ७ : अर्ज आणि पाठपुरावा

अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा आपले सरकार पोर्टलवरून. सोबत पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान, फोटो. जखमी जनावरासाठी औषधांची बिलं आणि डॉक्टरांचा दाखला. बँक खातं आधारशी जोडलेलं आणि चालू आहे ना, ते आधी बघा. मंजुरी होऊन पैसे परत गेलेले दावे मी पाहिलेत, आणि कारण एकच, बंद पडलेलं खातं. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं, हेही आधीच सरळ करून घ्या.

जखमी जनावर आठवड्याने मेलं तर पुन्हा कळवा आणि पुन्हा शवविच्छेदन करा. आधीच्या जखमीच्या अर्जावर मृत्यूची भरपाई आपोआप मिळत नाही.

अर्ज क्रमांक हातात असू द्या. ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. फेटाळण्याचं कारण लेखी मागा. "शव सापडलं नाही", "कुत्र्याचा हल्ला", "मुदतीनंतर सूचना", यातलं काय लिहिलंय त्यावर अपिलात काय जोडायचं ते ठरतं: फोटो, व्हॉट्सअॅपची वेळ, पोच.

## पिंजऱ्याची मागणी करताना

एक शेळी गेली की लगेच "पिंजरा लावा" म्हणून रस्ता अडवला जातो. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये बिबट्या-मानव संघर्षासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचा रोख असा की नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडू नये. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यावर तिथे हल्ले वाढल्याचा अनुभव आहे, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतोच. मागणी करायचीच असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत घटनांची तारीखवार यादी, जागा आणि माणसांच्या जवळ आल्याच्या नोंदी द्या. मोघम "दहशत आहे" यापेक्षा ती यादी वरिष्ठांपर्यंत लवकर पोचते.

ऊसतोडीत बछडे सापडले तर उचलू नका, घरी नेऊ नका, फोटोसाठी हातात घेऊ नका. तोड थांबवा, माणसं मागे घ्या, १९२६ ला फोन करा. वन कर्मचारी बछडे त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन घेऊन जाते. बछडे गायब झाले तर तीच मादी चिडून वस्तीभोवती घिरट्या घालते, आणि त्या रात्री पुन्हा टप्पा ३ पासून सुरुवात करावी लागते.